पूर्ण मिनिट

माणूस मरायला टेकला तरी कागदावर त्याचा श्वास अठराच असतो, असं ती पहिल्या तासालाच सांगायची. नव्या पोरी हसायच्या. त्यांना वाटायचं, मॅडम गमत्या आहेत. दुसऱ्या तासापर्यंत ते हसू कुठल्या कुठे पळून जायचं.

ती नर्सिंग कॉलेजात ट्यूटर होती. विषय वरवर पाहिलं तर अगदीच साधा: ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, आणि त्याच्या जोडीला माणूस नुसता बघून, हात लावून, ठोकून, कान लावून तपासायचा कसा. पहिल्या वर्षाचं काम. बाकीच्या ट्यूटरांकडे शस्त्रक्रिया, बाळंतपण असले भारदस्त विषय होते आणि हिच्या वाट्याला थर्मामीटर. "तुझं बरंय गं," त्या चहा पिताना म्हणायच्या, "मोजलं की झालं." ती मान डोलवायची आणि चहात बिस्किट बुडवायची. वाद घालायचा तर चहा गार होतो, आणि गार चहा तिला चालत नसे.

वर्गात मात्र तिच्यापुढे कुणाची मात्रा चालायची नाही. पोरींनी तिचं नाव 'पूर्ण मिनिट' ठेवलं होतं. बाकीचं जग पंधरा सेकंद मोजून चाराने गुणतं, आणि हिला गुणाकार अजिबात खपायचा नाही. "पाढे शाळेत म्हणून झालेत ना? इथे पूर्ण मिनिट मोजायचं." रक्तदाबाचा पट्टा बाहीवरून बांधलेला दिसला की तिचं डोकं फिरायचं. "आता ताप चपलेवरून बघा!" पेशंटने पायावर पाय टाकलेला चालायचा नाही, नुकता गरम चहा प्यालेल्याच्या तोंडात थर्मामीटर घातलेला चालायचा नाही, आणि अंगठ्याने नाडी धरली तर मग त्या पोरीची धडगत नसे. "अंगठ्याला स्वतःची नाडी असते गं बायांनो. अंगठ्याने मोजलीत तर मेलेला माणूससुद्धा तुम्हाला ठणठणीत वाटेल."

आणि सगळ्यात आधी, हात लावायच्याही आधी, दारातून बघायचं. माणूस वाक्य पूर्ण करतोय की मध्येच तोडतोय? मान ताणून हवा ओढतोय का? ओठ कुठल्या रंगाचे आहेत? "याला यंत्र लागत नाही," ती म्हणायची, "फक्त मोबाईल खिशात ठेवावा लागतो."

तिचा खरा जीव श्वासावर. ताप यंत्र सांगतं, दाब यंत्र सांगतं, नाडी तर बोटाखाली स्वतःच ठोके देते. श्वासाला मात्र गप्प बसून बघावं लागतं, आणि वॉर्डात गप्प बसायला वेळ कुणाला असतो? मग सगळे अंदाजपंचे मिनिटाला अठरा, म्हणजे धडधाकट माणसाचा आकडा, लिहून मोकळे होतात. "चाळीस खाटा आणि चाळीस माणसं एका तालात श्वास घेतायत," ती म्हणायची, "पेशंट आहेत की कवायत चाललीय?" हसायची सोय नव्हती, कारण पुढचं वाक्य ती हळू आवाजात बोलायची: माणूस बिघडायला लागला की बऱ्याचदा बाकी सगळं ठीक दिसतं आणि श्वासच काय तो आधी वाढतो. तो खोटा लिहिला की त्या माणसाने मारलेली हाक आपण ऐकलीच नाही.

श्वास मोजायचीही एक युक्ती असते. आपण श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही. कळलं की तो मोठ्या शहाणपणाने, सावकाश, छाती फुगवून श्वास घ्यायला लागतो आणि आकडा वाया जातो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. नजर घड्याळावर आहे असं दाखवायचं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून छाती बघायची. एकदा वर, एकदा खाली, झाला एक. "आपल्या धंद्यात एवढी एकच लबाडी माफ आहे," ती बजावायची, "दुसरी करून बघा, मग मी आहे आणि तुम्ही आहात."

दुसरी लबाडी एका पोरीने केली. प्रात्यक्षिक परीक्षेत तिला दम्याची एक म्हातारी मिळाली होती. म्हातारीच्या गळ्याजवळचे खड्डे दर श्वासाला आत जात होते, दारातूनही दिसत होते, आणि या बाईसाहेबांनी लिहिलं अठरा. ट्यूटरने कागद बघितला, म्हातारीकडे बघितलं, आणि पोरीला सगळ्यांदेखत खाटेशेजारी बसवलं. "मोज. मोठ्याने. मला ऐकू येऊ दे." पोर रडत रडत मोजत गेली. अठरा कधीच मागे पडलं तरी मिनिट संपेना. तिला नापास केलं. तेव्हापासून कॉलेजभर तिचं नाव पडलं 'अठरावाली'. पुढे ती पास झाली, चांगली नर्स झाली, छातीच्या आजारांच्या दवाखान्यात लागली, पण नाव काही पुसलं गेलं नाही. ट्यूटर वाटेत दिसली की ती अजून रस्ता ओलांडून पलीकडे जायची.

आता घरचं सांगायला हवं, कारण दिव्याखाली अंधार असतो म्हणतात तो याच घरात होता.

तिचा नवरा पेंटर. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, बसथांब्यांचे आकडे रंगवणारा. कॉलेजच्या प्रात्यक्षिक हॉलमधल्या भिंतीवरचा छाती उघडी टाकून उभा असलेला माणूसही त्यानेच रंगवलेला. त्याने दोन्ही फुप्फुसं सारखी काढली होती, कारण समोरासमोरच्या दोन गोष्टी सारख्या असाव्यात असं त्याच्या हाताला वळण होतं. "अहो, उजवीकडे तीन भाग असतात आणि डावीकडे दोनच. हृदयाला जागा नको?" तिने त्याला शिडीवर परत चढवलं. तो वरून म्हणाला, "सिस्टर, हृदयासाठी एवढी अडचण सोसणारा तुझा हा माणूस बघून ठेव." बायकोला सिस्टर म्हणणारा जगातला तो एकटाच नवरा असावा. लग्न ठरलं तेव्हा ती शिकत होती आणि ओळख झाली तीच मुळी त्या हाकेने, मग ती हाक सुटलीच नाही.

लग्नानंतर पहिलं वर्षभर ती सगळं त्याच्यावर शिकली. खोली एक, खाट एक, पेशंट एक. पट्टा बांधायची, पोट ठोकून बघायची, पाठीला कान लावायची. तोही बिचारा पडून राहायचा. एकदा नाडी मोजून झाल्यावर ती हात सोडेना, तेव्हा त्याने विचारलं, "झालं ना? मग हात का धरलायस?" नवी नवी बायको ती, लाजली, आणि तिने युक्ती सांगून टाकली. "नाडी केव्हाच झाली. मी तुमचा श्वास मोजत होते. कुणाला सांगू नका." तो खो खो हसला.

त्यानंतर जन्मभर, सिनेमाला गेल्यावर, गर्दीत रस्ता ओलांडताना, तिच्या आईच्या मातीहून परत येताना, तिने हात धरला की तो कानाशी येऊन विचारायचा, "नाडी की श्वास?" आणि ती म्हणायची, "गप्प बसा हो."

मग त्याला खोकला लागला. कोरडा, चिवट, औषधाला दाद न देणारा. जिन्याच्या मध्यावर तो उभा राहून खिडकीबाहेर काहीतरी बघितल्यासारखं करायला लागला. त्या खिडकीतून बघण्यासारखं काहीही नव्हतं, पलीकडच्या इमारतीचे पाइप होते. तिने पहिल्या दिवशीच ओळखलं. नखं गोल, फुगीर व्हायला लागली होती. पाठीला कान लावला तर आत चुरचुर ऐकू येत होती, कोरड्या पानांवर पाय पडावा तशी. ती तशीच कान लावून बसली. तो म्हणाला, "काय म्हणतायत आतले लोक?" ती म्हणाली, "काही नाही. डॉक्टरांना दाखवू."

छातीचे डॉक्टर तिला ओळखत होते, तिने शिकवलेल्या पोरी त्यांच्याकडे कामाला होत्या. त्यांनी फोटो उजेडापुढे धरले आणि तिच्याकडे बघितलं. फुप्फुसं आखडत, कडक होत चालली होती. औषधाने वेग थोडा कमी होईल, मागे फिरायचं नाही. रंगांमुळे का? असेल, नसेल. "बोटाला लावायचं यंत्र यांच्या बाबतीत प्राणवायू कमीच दाखवणार," डॉक्टर म्हणाले, "त्यावर जाऊ नका. तुम्ही श्वास मोजा. नुसतं बसलेले असताना तीसच्या वर गेला की वाट बघू नका, घेऊन या. इथे श्वासाला आधार देऊन काही दिवस तरी मिळतील." मग हसून म्हणाले, "मोजायला तुमच्याहून चांगलं कोण मिळणार?"

बाहेर आल्यावर पेंटरने तिला कठड्यापाशी थांबवलं. "एक सांगतो सिस्टर. मला इथे आणायचं नाही. तोंडाला तो प्राणवायूचा मुखवटा बांधतात, मग बोलता येत नाही. मी बोललो नाही तर मी कोण?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," ती म्हणाली. त्याने मान हलवली. तेव्हाच त्याने ठरवून टाकलं असणार.

कारण त्या दिवसापासून त्याने तिला श्वास मोजू दिला नाही. बोटाच्या यंत्रातले सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले, तो भाग सोडा, सेल नवे आणता येतात. तिने मनगट धरलं की तो छाती आवरायचा. पाटीवर लांब रेघ मारताना पेंटर श्वास धरतो, हात हलू नये म्हणून. जन्मभर त्याने तेच केलं होतं. सावकाश आत, सावकाश बाहेर, चेहरा असा की नदीकाठी बसलाय. पूर्ण मिनिट तो हे करू शकायचा आणि नेमकं पूर्ण मिनिटच. ती उठून स्वयंपाकघरात गेली की मागे धापा ऐकू यायच्या. गुरूची विद्या गुरूलाच फळली.

मग ती मनगट न धरता मोजायला लागली. दाराआडून, कपाटाच्या काचेत बघून, हातात धरलेल्या वर्तमानपत्राच्या हलण्यावरून. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. तो वर्तमानपत्र खाली ठेवायचा, नाहीतर बोलायला सुरुवात करायचा, कारण बोलणाऱ्याचा श्वास मोजता येत नाही हेही तिनेच त्याला सांगितलेलं. "अगं, त्या चाव्याच्या दुकानाची पाटी आठवते? चावीला दातच काढायचे राहिले होते..." ती पाटी तिला चौथ्यांदा ऐकावी लागायची. कधी सरळ हात मागितला तर म्हणायचा, "नको बाई, हात दाखवून अवलक्षण."

आता तिला कळत नव्हतं असं कुणी समजू नये. तो झोपला की आकडा मिळायचाच, आणि तो आकडा हळूहळू वर चालला होता. तिला सगळं कळत होतं. तो खोटं करतोय हे तिला माहीत, तिला माहीत आहे हे त्याला माहीत, आणि दोघं समोरासमोर बसून चहा पीत. ज्याला काही कळत नाही त्याला निदान धावपळ करता येते, डॉक्टर बदलता येतात, कुणाला शिव्या घालता येतात. हिला पुढचं पान वाचलेल्यासारखं सगळं ठाऊक होतं. अशा माणसाने करायचं काय?

नणंद आली की तीच सुरुवात करायची. "वहिनी, घरात नर्स असून दादाची ही दशा! तू इतक्या पोरी शिकवल्यास, काहीतरी कर की गं."

"करतेय ना," ती म्हणायची.

"काय करतेयस?"

यावर ती उठून कप विसळायला लागायची. मोजतेय, असं उत्तर देता आलं असतं, पण ते तिलाही हास्यास्पद वाटलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पेंटर मात्र बहिणीला दटावायचा, "तिला काही बोलू नकोस. तिच्या हाताखाली मी..." आणि वाक्य तिथे तुटायचं. तो खोकल्याचं निमित्त करायचा. ट्यूटर विसळलेला कप पुन्हा विसळायला घ्यायची.

कॉलेजात ती रोज जात होती, घरी बसून तरी काय करणार. एके दिवशी नव्या पोरींना भिंतीवरचा माणूस दाखवत होती. उजवीकडे तीन भाग, डावीकडे दोन. गुलाबी रंग अजून ताजा होता, त्याने चांगल्या कंपनीचा वापरला होता. पुढचं वाक्य तिला सुचेना. पोरी वह्या उघडून वाट बघत होत्या. शेवटी ती म्हणाली, "एकमेकींचे श्वास मोजा," आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मागून कुणीतरी पटकन म्हणालं, "झालं मॅडम. अठरा." आयुष्यात पहिल्यांदा ती त्या आकड्यावर ओरडली नाही.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. अधूनमधून ते स्वतःहून करायचे. पेंटर खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, समोरच्या टेबलावर कोपरं टेकून, खांदे वर उचलून. असं बसण्याला काय म्हणतात आणि हवा कमी पडलेला माणूस असा का बसतो, हे तिने किती वर्गांना स्वतः बसून दाखवलं होतं. फोन यायच्या आधी ती कपाटाच्या काचेत बघून मोजत होती, आणि आज त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं नव्हतं, पाटीची गोष्ट काढली नव्हती. तीस मागे पडलं तेव्हा मिनिट अजून बरंच बाकी होतं.

"कसे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"बसलेत."

"श्वास किती?"

ती वळली. पेंटर तिच्याकडेच बघत होता. फोनमधलं त्याला ऐकू गेलं होतं की नुसतं कळलं होतं, कोण जाणे. त्याने हसायचा प्रयत्न केला.

"अठरा... सांग की," तो म्हणाला. एकेक शब्द वेगळा पडत होता. "तुझ्या पोरी... सांगतात."

तिने फोनवर हात ठेवला. "अहो, असं काय करता? मला नाही जमणार."

"चार दिवस... घरी. बास."

तो हट्ट करत नव्हता. हट्ट केला असता तर तिला रागावता आलं असतं. तो नुसता मागत होता, आणि इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने रंगाला चांगला ब्रश सोडून तिच्याकडे काही मागितलेलं तिला आठवेना. फोनमधून "हॅलो, हॅलो" येत होतं.

"अठरा," ती म्हणाली.

"वा! मोजलात ना नीट?"

"पूर्ण मिनिट."

"मग प्रश्नच नाही. तुम्ही मोजलाय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." त्यांनी आनंदाने फोन ठेवला.

तिने फोन टेबलावर ठेवला आणि हात पुसले, ओले नव्हते तरी. पेंटर म्हणाला, "शाब्बास... सिस्टर." तिला त्या क्षणी त्याचा इतका राग आला आणि त्याच्यावर इतकी माया आली की दोन्हींपैकी काय करावं ते न सुचून ती त्याच्यासाठी दूध गरम करायला गेली.

त्याने मागितलेले दिवस त्याला पुरते मिळाले नाहीत. मिळाले ते बरे गेले, हे सांगायला हवं. त्याने आपले सगळे ब्रश मागवले आणि एकेक करून फडक्याने पुसून ठेवले. मध्ये मध्ये थांबून का होईना, चाव्याच्या पाटीची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. मालकाने पैसे दिले का, हे तिने मुद्दाम विचारलं, आधी ऐकलं नसल्यासारखं. ती कॉलेजात गेली नाही. त्याच्याजवळ बसून राहिली आणि हात धरला नाही, कारण धरला असता तर त्याने बिचाऱ्याने छाती आवरायची खटपट केली असती, आणि ती त्याला आता परवडणारी नव्हती.

मग एका सकाळी नणंद आली आणि दारातूनच किंचाळली, "वहिनी, अगं, ओठ बघ त्याचे! निळे पडलेत! बघ तरी!" ती बघतच होती. पहाटेपासून बघत होती. गाडी तिने आधीच बोलावली होती, आणि पेंटरने नको म्हटलं नव्हतं. नको म्हणायलाही हवा लागते.

दवाखान्यात डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "परवा तर अठरा होता. एवढ्यात इतकं?" ती खरं सांगणार होती. ओठांपर्यंत आलं होतं. पण तेच म्हणाले, "या आजारात होतं असं. आधी आणलं असतं तरी..." आणि कुणीतरी त्यांना हाक मारली, ते निघून गेले. ते वाक्य पुढे काय होतं? आधी आणलं असतं तरी हेच झालं असतं, की आधी आणलं असतं तर निदान थोडे दिवस? तिने त्यांना नंतर विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हे खरं.

घशात नळी घालायची नाही, असं तिने पेंटरच्या वतीने लिहून दिलं. नुसता मुखवटा बांधला. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं होतं. जन्मभर दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिलेली ही बाई पहिल्यांदा बाहेरच्या बाकावर बसली. बाक थंड होता आणि त्याचा एक पाय डगडगत होता. नणंद घरी फोन करायला गेली. दाराला मधोमध काचेची पट्टी होती, ती उठून तिथे उभी राहिली.

आत ड्यूटी बदलली आणि अठरावाली आली.

तिने ट्यूटरला पाहिलं नव्हतं. ती आधी खाटेपासून लांब थांबली आणि नुसती बघत राहिली: खांदे, मान, ओठ. मग जवळ गेली, हात एकमेकांवर चोळून ऊब आणली, आणि तीन बोटं मनगटावर ठेवली. अंगठा लांब. काहीतरी बोलली त्याच्याशी, तो मुखवट्यातून हसला असावा, डोळ्यांवरून तसं वाटलं. नाडी झाली. पोरीने मनगट सोडलं नाही. नजर घड्याळावर ठेवली, आणि बाहेरून काचेतून फक्त ट्यूटरलाच दिसत होतं की ती खरी कुठे बघतेय. शेजारच्या खाटेवरून कुणीतरी हाक मारली, तिने हलकेच बोट वर केलं, थांबा. इतकं निर्दोष काम ट्यूटरने परीक्षेतही क्वचित पाहिलं होतं. स्वतःच्या नकळत तीही मोजत होती. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरत होती, ती पुसून मोजत होती. मिनिट संपलं तेव्हा दोघींचा आकडा एकच असणार होता, यात तिला शंका नव्हती.

पोर बाहेर आली आणि समोर ट्यूटरला बघून जागच्या जागी थिजली.

"किती?" ट्यूटरने विचारलं.

पोरीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग खाली, स्वतःच्या बुटांकडे.

"अठरा, मॅडम."

याच उत्तरावर हिने या पोरीला सगळ्यांसमोर रडवलं होतं.

"पूर्ण मिनिट मोजलास?"

"हो, मॅडम."

"बरं," ट्यूटर म्हणाली. "चांगला आहे."

पोरीने डोळे पुसले, भेटीची वेळ नसतानाही दार उघडून धरलं आणि म्हणाली, "तुम्ही आत जा. मी आहे इथे."

ती आत गेली. स्टूल ओढून बसली आणि कितीतरी दिवसांनी त्याचा हात हातात घेतला. नखांच्या कडेला अजून निळा रंग होता, कुठल्यातरी पाटीचा, फडक्याने न निघालेला. हात धरल्याबरोबर पेंटरने डोळे उघडले. मुखवट्यातून बोलता येत नव्हतं, त्याने भुवया उंचावल्या. नाडी की श्वास? आणि तिचा स्पर्श ओळखून त्याची छाती एकदम थांबली. तो ती आवरायला बघत होता. लांब रेघ मारायच्या आधी धरायचा तसा श्वास धरायला बघत होता, आणि ते त्याला जमत नव्हतं, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या होत्या.

"नका हो," ती म्हणाली, "असं करू नका. मी नाही मोजत. नुसता हात धरलाय. घ्या श्वास, हवा तसा घ्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्यावर विश्वास ठेवला आणि छाती मोकळी सोडली. ती भराभर वर-खाली व्हायला लागली. तिने मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं होतं, तरी काही उपयोग झाला नाही. समोरच्या भिंतीवर एक होतं.

पूर्ण मिनिट झालं. तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.